पिवळ्या दिव्यामागची फेरी

त्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, असे कलमकाका स्वतःशी म्हणत. पण ते खरे नव्हते. राहून जायला गोष्ट विसरावी लागते, आणि हे पत्र ते एक दिवसही विसरले नव्हते. सात आठवडे ते त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात पडून होते. रोज सकाळी आल्या आल्या काका खण उघडत, पत्र जागेवर आहे ना ते पाहत आणि खण बंद करत. एखाद्या दिवशी ते तिथे नसते, तर त्यांना वाईट वाटले असते असे काही सांगता येत नाही.

पत्र टायरच्या नोंदींच्या तक्त्यामागे लिहिलेले होते. कोपऱ्यात अंगठ्याचा काळाकुट्ट ठसा. अक्षर मोठे, रेघ सोडून वर चढलेले. मजकूर एवढाच:

"साहेब, नियम बत्तीस सांगतो की कोरड्या शर्यतीत प्रत्येक गाडीने मऊ आणि कडक असे दोन्ही टायर वापरायचे, आणि प्रत्येकावर निदान एक पूर्ण फेरी मारायची. समजा अपघात झाला आणि पिवळ्या दिव्याची गाडी ट्रॅकवर आली. तिच्यामागे रांगेत सावकाश मारलेली फेरी ही या हिशेबात फेरी धरायची की नाही? हो की नाही, एवढंच कळवा. विचारायला दुसरं कोणी नाही."

खाली सही होती, ती लागत नव्हती. सहीखाली हुद्दा होता: टायर बदलणाऱ्यांचा प्रमुख. संघ अकरा संघांतला सर्वांत लहान.

उत्तर 'हो' होते. हे जगात कुणाला खात्रीने ठाऊक असेल, तर ते कलमकाकांना. कारण नियम बत्तीस त्यांनीच लिहिला होता. शर्यत महामंडळाच्या नियमावलीची चारशे बारा पाने गेली बावीस वर्षे तेच लिहीत, खोडत आणि पुन्हा लिहीत होते, म्हणून तर सगळे त्यांना कलमकाका म्हणत. त्यांतली नव्वद पाने एकट्या टायरवर होती. टायरवर रंगाचा पट्टा किती रुंद असावा, गाडीला चढवण्याआधी तो ज्या विजेच्या गोधडीत गुंडाळतात ती किती गरम असावी, ट्रॅक ओला कधी म्हणावा, सगळे त्यात होते. ओल्या ट्रॅकच्या सात व्याख्या होत्या. सातवी अशी: 'पाणी दिसत असल्यास.'

नियम बत्तीस मात्र काकांचा लाडका. टायर इतके चांगले झाले होते की एकाच जोडावर अख्खी शर्यत निघे. कोणी थांबेना, कोणी बदलेना, आणि बघणारे खुर्चीत पेंगू लागले. तेव्हा महामंडळाने डोके चालवले आणि दोन्ही प्रकारचे टायर वापरण्याची सक्ती केली. म्हणजे टायर झिजला म्हणून बदलायचा नाही. झिजला नाही तरी नियम आहे म्हणून बदलायचा. लोक जागे झाले. पिवळ्या दिव्यामागची फेरी काकांनी तेव्हाच मनात धरली होती, म्हणजे अपघाताच्या जागी राडारोडा पडलेला असताना एका फेरीसाठी कोणी जिवावर उदार होऊन पळू नये. मनात धरली होती. लिहायची तेवढी राहिली.

मग एका अक्षराचे उत्तर द्यायला घोडे अडले कुठे? ते अडले नियम एकसष्टपाशी. तोही काकांचाच. एका संघाने प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर एकाच दिवशी सगळ्या अकरा संघांना रजिस्टर पोस्टाने पाठवायचे, म्हणजे कुणाच्या कानात वेगळे काही सांगितले असे व्हायला नको. काकांना वाटले, या लहान संघाने बिचाऱ्याने एक युक्ती शोधली आहे. आपण 'हो' म्हटले, की ती दहा जणांच्या हातात आयती पडणार. 'नाही' म्हटले तर खोटे होणार. म्हणून ते असे एक वाक्य शोधू लागले, जे एकाला कळेल आणि दहा जणांना कळणार नाही. नऊ मसुदे झाले. नववा त्यांचा त्यांनाही कळला नाही, तेव्हा आता जवळपास जमत आले असे त्यांना वाटले.

आणि त्याच रविवारी शर्यत झाली.

काका आणि काकू घरी टीव्हीसमोर होते. काकूंना नियमांतले ओ की ठो कळत नसे, पण कोण पुढे आहे ते बरोबर कळे. लहान संघाची गाडी सबंध शर्यत कडक टायरवर न थांबता चालली होती, म्हणून आपसूक पहिली आली होती. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या आणि मागच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना भिडल्या. पिवळ्या दिव्याची गाडी ट्रॅकवर आली. सगळे रांगेत, वरातीच्या वेगाने, कुणी कुणाला मागे टाकायचे नाही.

"अहो, ती थांबली बघा!" काकू ओरडल्या. "पहिली असताना थांबली! वेड लागलंय का?"

वेड लागले नव्हते. सगळे सावकाश चालले असताना थांबले, तर थोडक्यात निभावते. चार माणसे चार चाकांपाशी गुडघ्यांवर बसली, चाकांचे नट काढायचे बंदुकीसारखे पाने किरकिरले, मऊ टायर चढले, आणि तुम्ही शिंकून नाक पुसेपर्यंत गाडी निघालीसुद्धा. पहिलीची तिसरी झाली. पिवळ्या दिव्यामागे तिने एक पूर्ण फेरी मारली, आणखी थोडी मारली, आणि तशातच शर्यत संपली. तिसरा नंबर. नऊ वर्षांत त्या संघाला पहिल्या तिघांच्या पायरीवर उभे राहायला मिळाले नव्हते. पडद्यावर जाड मिशांचा एक माणूस पाना छातीशी धरून रडत होता.

"अहो, हा कोण? छान रडतोय," काकू म्हणाल्या.

काकांच्या हातातला चहा निवत चालला होता. "हा… टायरवाला असणार," ते म्हणाले.

तासाभरात चौथ्या आलेल्या संघाने हरकत घेतली: पिवळ्या दिव्यामागची फेरी ही फेरीच नव्हे. त्या संघाचा मालक महामंडळाच्या बैठकीत पहिल्या रांगेत बसत असे. पंचांनी नियमावली उघडली. नियम बत्तीसमध्ये पिवळ्या दिव्याबद्दल एक अक्षर नव्हते. अक्षर नाही म्हणजे परवानगी नाही, असा पंचांनी अर्थ काढला, तिसरा नंबर चौथ्याला दिला, आणि 'नियमाचा जाणूनबुजून वाकडा अर्थ लावल्याबद्दल' टायर बदलणाऱ्यांच्या प्रमुखाचा परवाना एक वर्षासाठी काढून घेतला. त्याने दाद मागितली. सुनावणी गुरुवारी सकाळी दहाला लागली.

मंगळवारी तो मिशांचा माणूस महामंडळाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. खिडकीवरची बाई रजेवर होती, म्हणून कलमकाका बसले होते.

"नमस्कार काका. एका पत्राची पोच हवी होती. मी प्रश्न विचारला होता, त्याचा आवक नंबर. सुनावणीत दाखवायला."

काकांनी नोंदवही उघडली. नंबर त्यांना तोंडपाठ होता, तरी त्यांनी बोट फिरवत शोधल्यासारखे केले. "मिळालंय. पोचलंय पत्र."

"पोचलंय ना? बरं झालं. मला वाटलं, हरवलंच. मग उत्तर कुणाकडे असतं हो?"

"असतं एका म्हाताऱ्याकडे."

"आजारी आहे का तो?"

"नाही. आजारी असा नाही. विचार करतो."

"सात आठवडे?" टायरवाला हसला. हसण्यात वाकडेपणा नव्हता, म्हणून ते जास्त लागले. "आमच्याकडे या म्हणावं एकदा. गाडी आली की अडीच सेकंदांत चार चाकं. वीस वर्षं झाली, पुढचं उजवं चाक माझं. जॅकवर माझा मेहुणा असतो. तो गाडी उचलायला पापणीभर उशीर करतो, पण घरी बोलायची सोय नाही. बायकोचा लाडका भाऊ! रविवारी बोललो, तर सोमवारपर्यंत जेवणात मीठ नाही."

काकांना हसू आले आणि लगेच लाजही वाटली. "पण उत्तर दिलं असतं, तर ते सगळ्या संघांना गेलं असतं," ते हळूच म्हणाले. "तुमची युक्ती फुटली असती."

"युक्ती?" टायरवाल्याने खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकले. "कसली युक्ती, काका! अकराच्या अकरा संघांना ठाऊक आहे. हरकत घेतली ना, त्याच संघानं गेल्या वर्षी हेच केलं होतं. नंबर दहावा आला होता, म्हणून कुणाला पडली नव्हती. त्यांनी विचारलं नाही, केलं. मी एकटा शहाणा विचारायला गेलो."

नऊ मसुदे काकांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले.

"एक वर्षाची बंदी काही फार नाही," ते धीर द्यायला म्हणाले.

"तुम्हाला नाही. मला बावन्न आहे. हे गुडघे एक वर्ष घरी बसले, की पुन्हा खाली बसायचं नाव नाही घेणार, आणि वर्षभर रिकामी जागा कोण ठेवतंय? म्हणजे रविवारचं चाक हे माझं शेवटचं. आणि कागदावर ते लबाडीचं." त्याने मिशीवरून हात फिरवला. "नंबर गेला तर गेला. म्हणजे, हवाच आहे, खोटं कशाला बोलू. पण आधी मी लबाड नाही, एवढं कुणीतरी लिहून द्यायला हवं."

काकांनी पोच लिहिली. तारीख चुकली, म्हणून ती दोनदा लिहावी लागली. तो म्हातारा मीच, हे वाक्य त्यांच्या जिभेच्या टोकाशी येऊन बसले होते. पण पोचेवर शिक्का मारता मारता तेही राहून गेले.

जाता जाता टायरवाला वळला. "त्या म्हाताऱ्याला सांगा, 'नाही' म्हणाला असता तरी चाललं असतं. गाडी दहा फेऱ्या आधी बोलावली असती. पाचवा-सहावा नंबर आला असता. रागावलो नसतो."

तो गेल्यावर काका सरळ सचिवसाहेबांच्या खोलीत गेले. स्वतःहून या खोलीत जाण्याची ही त्यांची बावीस वर्षांतली तिसरी वेळ. सचिवसाहेब कुणाशीही गोड बोलत. विशेषतः ज्याचे काम करायचे नसे त्याच्याशी.

"साहेब, त्या टायरवाल्याचं पत्र…"

"विचाराधीन आहे ना?"

"हो, पण…"

"मग असू द्या की विचाराधीन. विचार करणं काही गुन्हा नाही." सचिवसाहेबांनी काकांना खुर्ची दाखवली. "काका, आपण नियम करणारी माणसं. नियमाचा अर्थ पंच लावतात. गुरुवारी सुनावणी सुरू झाली की आपलं तोंड आपोआप बंद. दोन दिवस फक्त मूग गिळून बसायचंय. तुम्हाला ते जमतं, मला ठाऊक आहे."

"पण उत्तर 'हो' आहे."

"तुमच्या मनात असेल. मन कुठं छापलंय?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पंचविसावी आवृत्ती निघतेय, कळलं ना? मुखपृष्ठावर तुमचं नाव टाकायचं ठरतंय. संकलन आणि लेखन, खाली तुमचं पूर्ण नाव. ठरतंय म्हणतोय हं. ठरलंय म्हणत नाही."

काका लहानपणापासून पुस्तकांत वाढलेले. इतरांनी लिहिलेली हजारो पुस्तके त्यांनी वाचली होती, आणि स्वतःचे म्हणता येईल असे एकच पुस्तक त्यांच्या हातून झाले होते, त्यावर कुणाचेच नाव नव्हते. झोप येत नसली की ते मुखपृष्ठावर आपले नाव कसे दिसेल याचा विचार करत, आणि झोप लागलीच, तर ते फार मोठ्या अक्षरांत तर नाही ना, या काळजीने त्यांना जाग येई.

"विचार करतो," ते म्हणाले.

"शाबास! तेवढंच करा," सचिवसाहेब म्हणाले.

त्या संध्याकाळी काकूंनी दोनदा वाढलेले काकांनी दोनदा तसेच ठेवले. मग त्यांनी सगळे सांगितले. काकूंनी ऐकून घेतले आणि ताट उचलले.

"तुम्हाला 'हो' म्हणता येत नाही, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझं स्थळ आलं, तर तुम्ही आठ महिने घेतलेत. शेवटी माझा भाऊ येऊन बसला तुमच्या दारात."

"मी योग्य शब्द शोधत होतो."

"शोधत होतात की घाबरला होतात?"

"घाबरलो होतो. 'हो' म्हटलं आणि कुणी म्हणालं, हे नियमात कुठं लिहिलंय? तर मला सांगावं लागलं असतं की लिहायचं मी विसरलो. नव्वद पानं टायरवर लिहिली, आणि एक ओळ विसरलो. बाकीचं, त्यांची युक्ती वगैरे, ते मी मलाच समजावत होतो गं."

"मग हेच लिहा की! एवढ्याला नऊ मसुदे कशाला?"

"आता लिहून काय उपयोग? शर्यत होऊन गेली."

"ते तुम्हाला माहीत. नियम तुमचे."

हे बोलून काकू भांडी घासायला गेल्या. काकांनी कपाटातून नियमावली काढली. आपल्याच पुस्तकात आपण काय लिहिले आहे, हे पाहायला त्यांना चष्मा पुसून बसावे लागले. नियम एकसष्टचे तिसरे पोटकलम कोणी कधी वाचले नव्हते, कारण बावीस वर्षांत महामंडळातून एकाही प्रश्नाचे उत्तर बाहेर पडलेले नव्हते. तिथे लिहिले होते: उत्तर केव्हाही निघाले, तरी ते प्रश्न मिळाल्याच्या तारखेपासून लागू राहील; उत्तर निघाल्याची तारीख म्हणजे पोस्टाच्या शिक्क्याची तारीख; सुनावणी सुरू झाल्यानंतरचा शिक्का धरला जाणार नाही; आणि उत्तरावर सही नियमलेखकाची. सचिवांचा उल्लेख नव्हता. तोही बहुधा ते विसरलेच होते.

बुधवारी सकाळी कचेरीत कुणी यायच्या आत काका टेबलाशी बसले. त्यांनी लिहिले:

"हो. पिवळ्या दिव्याच्या गाडीमागे मारलेली पूर्ण फेरी नियम बत्तीससाठी फेरी धरली जाते. नियम करताना हाच हेतू होता. तो नियमात लिहायचे माझ्याकडून राहिले. उत्तराला सात आठवडे उशीर झाला, तोही माझ्याकडून. प्रश्न विचारणाऱ्याने शर्यतीआधी प्रश्न विचारला होता."

वाचून पाहिले. 'बहुधा' कुठे घालता येईल का, हे पाहिले. तिसऱ्या वाक्यात जागा होती. त्यांनी पेन टेकवले, मग उचलले, आणि मजकूर होता तसा अकरा वेळा उतरवला, कारण छापायच्या यंत्राची किल्ली सचिवसाहेबांकडे असे. अकरावी प्रत होईपर्यंत साडेअकरा वाजले, आणि सहीचा आकार पहिल्या प्रतीपेक्षा मोठा झाला होता.

पिशवी घेऊन ते जिन्याशी पोचले, तर समोरून सचिवसाहेब.

"काका! बरं झालं भेटलात. मुखपृष्ठ आज छापखान्यात जातंय. आताच्या आता सांगा, नाव टाकायचं ना?"

पिशवीतली पाकिटे काकांच्या गुडघ्याला टोचत होती. आता 'हो' म्हणावे, जिना उतरावे आणि संध्याकाळी साहेबांना कळेल तेव्हा कळेल, असेही करता आले असते. पण उद्या तेच नाव खोडायला साहेबांना किती आनंद होईल, हे काकांना दिसत होते. आणि त्याहून जास्त म्हणजे, विचारले आणि सरळ सांगितले असे निदान एकदा व्हावे, असे त्यांना वाटले.

"नको, साहेब. नाव राहू द्या."

"अहो, केवढा हा विनय!"

"विनय नाही. टायरवाल्याला उत्तर पाठवतोय. ते वाचल्यावर तुम्ही माझं नाव तसंही काढाल, मग छापखान्याला दोनदा कशाला त्रास?"

सचिवसाहेबांच्या चेहऱ्यावरचे हसू तिथेच राहिले, फक्त मागून कोणीतरी दिवा काढून घेतल्यासारखे झाले. "उत्तर? कुठलं उत्तर? आपण उत्तरं देत नाही, काका! माझी सही कुठाय त्यावर?"

"लागत नाही. पान तीनशे ऐंशी."

सचिवसाहेब नियमावली शोधायला खोलीत धावले. त्यांच्या खोलीत ती नव्हती, कधीच नव्हती. तेवढ्यात काका जिना उतरले. वयाला न शोभेल इतक्या लगबगीने, पण कठडा धरून.

पोस्टात रांग होती. खिडकीवर जाड काचेचा चष्मा घातलेली बाई होती. तिने गठ्ठा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"अकरा रजिस्टर? काका, घरी लग्न आहे का?"

"नाही हो. उत्तरं आहेत."

"सगळ्यांना वेगवेगळी?"

"सगळ्यांना एकच."

"मग एकदा फोन करून सांगायचं ना!" ती एकेक पाकीट तोलू लागली. शिक्का मारी, बाजूला टाकी, पुढचे घेई. काका प्रत्येक शिक्क्याची तारीख काचेतून वाकून वाचत होते. मागच्या रांगेतल्या माणसाने मोठ्याने सुस्कारा सोडला. दहा झाली. अकराव्यावर लहान संघाचा पत्ता होता. ते काकांनी खिडकीतून आत सरकवले, पण टोक हातातच राहिले. 'माझ्याकडून राहिले' पुरेसे आहे का? 'मी विसरलो' जास्त खरे झाले असते. पाकीट फोडून एवढे दोन शब्द…

"सोडा, काका," बाई म्हणाली आणि तिने पलीकडून ओढले.

काकांनी सोडले. तिने तोलले, शिक्का मारला आणि मागच्या पोत्यात टाकले.

"पुढचे कोण?"